कारखान्याचं काळं पाणी आणि हिरवं शेवाळ: खरं किती, हवा किती

सध्या जिथे बघावं तिथे ई-२० पेट्रोलची चर्चा, मायलेज पडलं का, जुन्या गाडीचे रबरी पार्ट खराब होणार का, वगैरे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं टार्गेट देशाने २०२५ मध्ये गाठलं आणि त्यातलं बरंच इथेनॉल आपल्या उसातून येतं हे सगळ्यांना माहितीये. पण ते बनवताना मागे जे काळंकुट्ट पाणी उरतं त्याचं काय होतं हे फारसं कुणी विचारत नाही, ते आठवतं फक्त नदीत मासे तरंगले की. पंचगंगेचे तसे फोटो अधूनमधून येतच असतात (त्यात कारखान्यांबरोबर शहरांचं मैलापाणीही असतं, सगळं खापर एकावरच फोडू नये). आणि मग व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरायला लागतो की बघा, नुसतं शेवाळ सोडलं तरी पाणी साफ होतं, वर ते शेवाळ विकून पैसे मिळतात, आपल्याकडे कुणी मुद्दाम करत नाही.

यात खरंही आहे आणि हवाही भरलेली आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: शेवाळ हे पाणी साफ करायच्या कामातलं शेवटच्या टप्प्याचं चांगलं साधन आहे, पहिल्या टप्प्याचं नाही, आणि त्यातला मुख्य फायदा साफ झालेलं पाणी हाच आहे, विकायचा माल नंतर. हे का, ते आता बेसिकपासून बघू.

या पाण्यात असतं तरी काय

साखर कारखाना, डिस्टिलरी, दूध डेअरी, साबुदाणा-स्टार्चचे कारखाने, आंब्याचा पल्प काढणारे, वाइनरी, या सगळ्यांच्या सांडपाण्यात एक गोष्ट कॉमन आहे. त्यात सहसा केमिकल कारखान्यासारखं जहाल विष नसतं, त्यात अन्न असतं. साखर, स्टार्च, दुधातले प्रोटीन, फॅट. मग अन्नाने मासे का मरतात? कारण पाण्यातले जिवाणू हे अन्न खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. तो संपला की मासा गुदमरतो, संपला विषय.

जिवाणूंना हे अन्न संपवायला किती ऑक्सिजन लागेल त्या आकड्याला बीओडी म्हणतात, आपल्याकडे तो २७ अंशाला ३ दिवस नमुना ठेवून मोजतात. बातम्यांमध्ये सारखा येणारा शब्द हाच. (सीओडी पण येतो, तो केमिकल टाकून मोजलेला एकूण आकडा, बीओडीपेक्षा मोठा असतो, एवढं पुरे.) नदीत सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. मोलॅसिसपासून (साखर काढल्यावर उरणारी मळी) अल्कोहोल, म्हणजे इथेनॉलच, काढल्यावर उरणाऱ्या पाण्याचा, ज्याला डिस्टिलरीत स्पेंटवॉश म्हणतात, बीओडी असतो ४० ते ६० हजार. हो, हजार. आणि एक लिटर अल्कोहोलमागे हे पाणी निघतं साधारण ८ ते १५ लिटर.

जरा हिशोब करून बघा. दिवसाला ६० हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी धरली आणि लिटरमागे १० लिटर स्पेंटवॉश धरला, तर रोज ६ लाख लिटर. बीओडी ४५ हजार धरला तर रोज २७ टन ऑक्सिजनची भूक. एक माणूस दिवसाला अंदाजे ४५ ग्रॅम बीओडीची घाण करतो असं पकडलं तर एक डिस्टिलरी म्हणजे सहा लाख लोकवस्तीचं शहर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखाच्या आसपास होतं, म्हणजे बघा.

अन्नाशिवाय या पाण्यात अजून तीन गोष्टी असतात, नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश. नावं ओळखीची वाटली ना, खताच्या गोणीवर एनपीके लिहिलेलं असतं तेच हे. शेवाळाची सगळी गोष्ट यांच्याभोवती फिरते.

मग आत्ता काय करतात

असं नाहीये की कुणी काहीच करत नाही. डिस्टिलरीला एक थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे, झिरो लिक्विड डिस्चार्ज म्हणतात. त्यासाठी आधी बंद टाकीत जिवाणूंकडून बायोगॅस काढतात, मग उरलेलं पाणी आटवतात, आटवून घट्ट झालेलं बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडवर (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) शिंपडून कंपोस्ट करतात. जाळलं तर जी राख उरते त्यात पोटॅश असतं, ते खत म्हणून विकलं जातं, आता त्याला खत सबसिडीतही घेतलंय. म्हणजे स्पेंटवॉशमधून उपयोगी माल काढायची कल्पना काही नवीन नाही, कारखाने ते करतायत. नियम पाळला जातो का आणि रात्री कोणता व्हॉल्व्ह उघडतो हा वेगळा प्रश्न आहे, तो शेवाळाने सुटणारा नाही.

डेअरी आणि इतर छोटे उद्योग काय करतात? त्यांच्याकडे ईटीपी असतो, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, त्यात मोठमोठे ब्लोअर लावून पाण्यात हवा सोडतात म्हणजे जिवाणूंना ऑक्सिजन मिळून ते घाण खाऊन टाकतात. हे चालतं, चांगलं चालतं, पण ईटीपीच्या वीजबिलातला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा या ब्लोअरचाच असतो. त्यामुळे इन्स्पेक्शन नसेल तेव्हा ब्लोअर बंद ठेवायचा मोह होतो, हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा, हसून मान डोलावतील. दुसरी अडचण म्हणजे साध्या ईटीपीत बीओडी उतरतो पण नायट्रोजन-फॉस्फरस बऱ्यापैकी तसाच पुढे जातो, त्याच्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

शेवाळ नेमकं काय करतं

इथे शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवरचं बुळबुळीत किंवा समुद्रातलं लांब पात्यांचं नाही. हे एकपेशीय, डोळ्यांना एकेकटं न दिसणारं, पाण्यात विखुरलेलं असतं, त्याला मायक्रोअल्गी किंवा सूक्ष्म शेवाळ म्हणतात. क्लोरेला नावाचं जे यात सगळ्यात जास्त वापरतात त्याची एक पेशी २ ते १० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले २ ते १० भाग. बरणीत असं पाणी घेतलं तर नुसतं हिरवं पाणी दिसतं. स्पिरुलिना पण याच गटात मोजतात, शास्त्राप्रमाणे ते खरं तर जिवाणू आहे पण प्रकाशावर जगतं म्हणून धंद्यात शेवाळच.

आता महत्त्वाचा मुद्दा, जो त्या व्हिडिओत हमखास चुकीचा सांगतात: घाण मुख्यतः शेवाळ खात नाही, जिवाणूच खातात. (काही जाती साखरेसारखी सोपी गोष्ट थेटही खातात, पण भार त्यांच्यावर नसतो.) शेवाळ काय करतं तर उन्हात कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतं आणि ऑक्सिजन सोडतं, तो ऑक्सिजन जिवाणू वापरतात, घाण खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो परत शेवाळ घेतं. म्हणजे ब्लोअरचं काम ऊन करतं. आणि वाढताना शेवाळाला नायट्रोजन-फॉस्फरस लागतोच, तो ते पाण्यातून उचलतं. एक किलो सुकं शेवाळ तयार व्हायला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो आणि अंदाजे दीड किलो ऑक्सिजन पाण्यात सुटतो.

अजून एक साइड इफेक्ट आहे, चांगला. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं तसा दुपारी पाण्याचा पीएच (पाणी ॲसिडिक की अल्कलाइन ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे न्यूट्रल) चढत जातो, ९ च्या वर जातो, त्यामुळे फॉस्फरसचा काही भाग कॅल्शियमबरोबर खाली बसतो आणि रोगजंतूही बरेच मरतात.

ही कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियात बर्कलेला विल्यम ऑस्वाल्ड या इंजिनियरने १९५० च्या दशकातच यावर काम केलं आणि त्यातून जे तळं आलं तेच आजही वापरतात: रेसच्या ट्रॅकसारखं लांबट गोल, २० ते ३० सेंटीमीटरच खोल, आणि एका जागी फिरणारं पॅडलचं चाक जे पाणी हळूहळू फिरवत ठेवतं. खोल का नाही, तर खाली ऊन पोचत नाही. चाक का, तर शेवाळ तळाशी बसू नये आणि प्रत्येक पेशीला आळीपाळीने उजेड मिळावा. या चाकाला ब्लोअरच्या मानाने फार थोडी वीज लागते. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला ५ हेक्टरवर अशी तळी शहरी सांडपाण्यासाठी चालवून बघितली आहेत, म्हणजे नुसतं लॅबमधलं प्रकरण नाही.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर तमिळनाडूत राणीपेटला समुद्री शेवाळापासून अल्जिनेट (पदार्थ घट्ट करायला वापरतात ते) काढणारा एक कारखाना आहे. त्याचं सांडपाणी ॲसिडिक, आधी कॉस्टिक सोडा टाकून ते न्यूट्रल करायचे आणि मग गाळाचा ढीग सांभाळत बसायचे. तिथे सूक्ष्म शेवाळ वाढवून पीएच वर आणायची पद्धत बसवली, कॉस्टिक वाचलं, गाळ कमी झाला. तिथे शेवाळ विकून कोट्यधीश वगैरे कुणी झालं नाही, केमिकलचा खर्च वाचला, आणि मला वाटतं हा फायदा जास्त विश्वासार्ह आहे.

पण शेवाळानेच तर रंकाळा खराब झाला ना?

बरोबर प्रश्न आहे. रंकाळा हिरवागार होऊन वास मारायचा ते निळ्या-हिरव्या शेवाळामुळेच, आणि त्यातल्या काही जाती विषारी द्रव्यंही सोडतात. फरक एवढाच की तलावात शेवाळ वाढतं आणि तिथेच मरतं, मेलं की कुजतं, कुजताना ऑक्सिजन खातं आणि उचललेला नायट्रोजन-फॉस्फरस परत पाण्यात सोडतं. म्हणजे हिशोब शून्यावर, उलट तोट्यात. ट्रीटमेंटच्या तळ्यात शेवाळ वाढल्यावर ते मरायच्या आत बाहेर काढतात, त्याबरोबर नायट्रोजन-फॉस्फरस बाहेर जातो.

म्हणूनच "नदीत शेवाळाचं कल्चर (मुद्दाम वाढवलेलं शेवाळाचं बियाणं) सोडा, नदी साफ होईल" असं कुणी सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. काढून घेणारं कुणी नसेल तर शेवाळ सोडणं म्हणजे नदीत अजून घाण सोडणंच आहे.

काळ्या पाण्यात ऊन कसं पोचणार?

नाही पोचत. स्पेंटवॉशचा तो चहासारखा-काळा रंग मेलॅनॉइडिन नावाच्या पदार्थांचा असतो, साखर आणि अमिनो ॲसिड तापून बनतात ते, आणि बायोगॅसच्या टाकीतून बाहेर आल्यावरही रंग जवळपास तसाच राहतो कारण जिवाणूंना ते पचत नाही. शेवाळालाही फारसं पचत नाही. शिवाय कच्च्या स्पेंटवॉशचा पीएच ४ च्या आसपास, म्हणजे आंबट, क्लोरेला तिथे टिकणार नाही. लॅबमध्ये जे रिझल्ट येतात ते बहुतेक वेळा दहा-वीस पट पाणी घालून पातळ केलेल्या स्पेंटवॉशवर येतात. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर लागतो तिथे घाण पाणी पातळ करायला चांगलं पाणी आणणार कुठून?

मग कारखान्यात शेवाळाला जागाच नाही का, तर आहे. स्पेंटवॉश आटवताना जी वाफ थंड होऊन पाणी होतं, त्याला कंडेन्सेट म्हणतात, ते दिसायला स्वच्छ असतं पण त्यात अमोनिया आणि सेंद्रिय आम्लं असतात, ते वापरण्याआधी साफ करावंच लागतं. साखर कारखान्याचं स्वतःचं सांडपाणीही स्पेंटवॉशच्या मानाने खूप पातळ असतं (उसातच ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे कारखान्याकडे उसातलंच पाणी भरपूर येतं, हे अनेकांना माहीत नसतं). ही दोन्ही पाणी शेवाळाला चालण्यासारखी आहेत. आणि डिस्टिलरीकडे अजून एक गोष्ट फुकट असते, अल्कोहोल आंबवताना लिटरमागे जवळजवळ पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बऱ्यापैकी शुद्ध. कोल्ड्रिंकवाले आणि ड्राय आइसवाले तो घेतातच, पण सगळा जातो असं नाही. शेवाळाच्या तळ्यात तो सोडला तर वाढ चांगली होते.

बायोगॅसचंही तसंच आहे. बायोगॅसमध्ये ६० टक्क्यांच्या आसपास मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, गाडीत भरायचा सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) करायला तो काढावा लागतो. शेवाळाच्या पाण्यातून गॅस नेला तर कार्बन डायऑक्साइड पाण्यात जातो, शेवाळ तो घेतं. कल्पना सुंदर आहे, फक्त शेवाळाने सोडलेला ऑक्सिजन गॅसमध्ये मिसळायची भीती असते, मिथेन आणि ऑक्सिजन एकत्र येणं म्हणजे काय ते सांगायला नको, म्हणून ते डिझाईन जपून करावं लागतं.

जागा किती लागणार?

खरी मेख इथे आहे. एखादी मध्यम डेअरी घ्या, रोज १ लाख लिटर सांडपाणी. पहिली ट्रीटमेंट होऊन बीओडी ३०० आणि नायट्रोजन लिटरला ५० मिलिग्रॅम उरलाय असं समजा. पाणी तळ्यात ६ दिवस ठेवायचं तर ६ लाख लिटरचं तळं, खोली ३० सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २००० चौरस मीटर. साधारण २० गुंठे, अर्धा एकर.

या अर्ध्या एकरात रोज किती शेवाळ होईल? उघड्या तळ्यात चौरस मीटरला दिवसाला १० ते २५ ग्रॅम सुकं शेवाळ धरतात, आपण १५ धरू. म्हणजे रोज ३० किलो. त्यातून ऑक्सिजन सुटेल ४५ किलो. बीओडीची गरज ३० किलो. म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूने पास, ब्लोअरशिवाय. पण नायट्रोजन? पाण्यात रोज ५ किलो येतोय आणि शेवाळाच्या सुक्या वजनाच्या ७-८ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ३० किलो शेवाळ उचलणार जेमतेम सव्वादोन किलो. निम्माही नाही. अमोनियाच्या रूपातला थोडा नायट्रोजन पीएच वाढल्याने हवेत उडून जातो, पण तो पकडला असं म्हणता येणार नाही, पाण्यातला प्रश्न हवेत सोडला एवढंच. म्हणजे नायट्रोजन पूर्ण घालवायचा तर एक एकराच्या वर जागा हवी. गावाबाहेरच्या डेअरीला हे जमू शकतं, एमआयडीसीतल्या प्लॉटवर शक्य नाही.

आता हाच हिशोब वरच्या डिस्टिलरीला लावा. रोज ६ लाख लिटर, बायोगॅसनंतर नायट्रोजन लिटरला १००० मिलिग्रॅम जरी धरला तरी रोज ६०० किलो. एकरी साडेचार किलो उचलला जाणार असेल तर एकशे तीस एकरांच्या वर तळी लागतील, तीही २० पट पाणी वगैरे घालायचा विषय बाजूला ठेवून. म्हणून वर म्हटलं, स्पेंटवॉशसाठी शेवाळ हे उत्तर नाही, त्याच्या कंडेन्सेटसाठी असू शकतं. कुणी प्रेझेंटेशन घेऊन आलं की हा गुणाकार त्यांच्यासमोर करायचा.

आणि हो, बाष्पीभवन. एवढं पसरट तळं म्हणजे सोलापूर-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर तरी उडणार, २००० चौरस मीटरवर ते १६ हजार लिटर होतात. पाणी कमी झालं की क्षार घट्ट होतात, मग ते पाणी शेतीला देताना बघून द्यावं लागतं.

शेवाळ वाढलं, आता ते काढायचं कसं?

हा भाग त्या व्हिडिओत कधीच नसतो. तळ्यातलं पाणी कितीही गर्द हिरवं दिसलं तरी हजार लिटरमध्ये सुकं शेवाळ निघतं ३०० ते ५०० ग्रॅम, फार झालं तर एक किलो. अगदी पाण्यासारख्या पातळ ताकातून लोणी काढायला बसल्यासारखं आहे हे, घुसळायचं एवढं आणि हाताला लागायचं एवढंसं, आणि इथे तर लोणी वर तरंगत पण नाही. पेशी इतक्या बारीक की कापडातून निघून जातात आणि आपोआप खालीही बसत नाहीत.

सेंट्रिफ्यूज मशीन लावलं तर निघतं, पण एवढं सगळं पाणी गरगर फिरवायला जी वीज लागते त्यात ब्लोअरची वाचवलेली वीज परत जाते, ते फक्त महागडं प्रॉडक्ट काढणाऱ्यांना परवडतं. तुरटी किंवा फेरिक (लोखंडाचा क्षार) टाकून गोळे करून बसवता येतं, स्वस्त पडतं, पण मग त्या शेवाळात ॲल्युमिनियम नाहीतर लोखंड आलं, ते कोंबडीला किंवा माशाला घालायचा विषय संपला.

सांडपाण्याच्या बाबतीत मात्र एक नशीब चांगलं आहे. शुद्ध कल्चर नसल्यामुळे शेवाळ आणि जिवाणू एकमेकांना चिकटून त्यांचे गुच्छ तयार होतात आणि गुच्छ जड असल्याने बसतात. बसलेल्यातला थोडा भाग परत तळ्यात टाकत राहिलं की हळूहळू बसणाऱ्या जातीच वरचढ होतात, न्यूझीलंडवाल्यांनी हे करून दाखवलंय. म्हणजे "आमची खास जात सोडा" म्हणणाऱ्यांपेक्षा जे मिश्रण आपोआप येतं आणि खाली बसतं तेच कामाचं.

मग विकायचं काय?

रोज ३० किलो सुकं शेवाळ, म्हणजे ओलं असताना दीड-दोनशे किलो हिरवा चिखल. त्याचं काय करता येईल?

सगळ्यात सोपं म्हणजे तो परत बायोगॅसच्या टाकीत ढकलायचा. स्पेनमध्ये चिक्लाना गावात सांडपाण्यावर शेवाळ वाढवून त्याच्या बायोगॅसवर गाड्या चालवून दाखवल्या आहेत. अडचण अशी की या पेशींचं कवच चिवट असतं, सगळं पचत नाही, आणि नायट्रोजन जास्त असल्यामुळे एकटं शेवाळ टाकलं तर टाकीत अमोनिया वाढतो. प्रेसमड किंवा शेण बरोबर असेल तर जमतं, आणि आपल्याकडे ते असतंच.

दुसरं, खत. शेवाळ वाळवून किंवा कंपोस्टमध्ये मिसळून शेतात टाकणं, आणि मला विचाराल तर डेअरीसाठी हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे, कारण दूध घालणारा शेतकरीच खत घेणारा आहे, वाहतूक नाही, मार्केटिंग नाही. भाताच्या खाचरात निळं-हिरवं शेवाळ नत्र देतं हे तर पी. के. डे यांनी १९३९ मध्येच मांडलं होतं, कृषी खात्याच्या जैविक खतांच्या यादीत ते कधीपासून आहे. मात्र हे सांडपाण्यातलं शेवाळ हवेतून नत्र घेत नाही, पाण्यातलं घेतलेलं परत देतं, दोन्हीत गल्लत करू नका.

तिसरं, बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाला खत नाही पण वाढीला चालना देणारं औषध म्हणू. द्राक्षवाल्यांना सीवीडचा अर्क माहितीच आहे, तसंच सूक्ष्म शेवाळाचाही अर्क निघतो आणि किंमत खतापेक्षा कितीतरी चांगली मिळते. पण २०२१ पासून बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशात आलेत, रजिस्ट्रेशन, चाचण्या, जड धातूंची तपासणी सगळं लागतं. प्रत्येक बॅच वेगळी येणाऱ्या सांडपाण्यातून एकसारखा माल देणं हे मोठं आव्हान आहे.

चौथं म्हणजे स्पिरुलिना, सगळ्यांची नजर इथेच असते. ५५ ते ७० टक्के प्रोटीन, निळा रंग वेगळा विकतो, बाटलीतल्या गोळ्यांचे भाव बघून डोळे फिरतात. स्पिरुलिनाला खारट-अल्कलाइन पाणी लागतं, पीएच ९ ते १०, म्हणूनच ते आपल्या लोणार सरोवरात नैसर्गिकपणे सापडतं. (२०२० मध्ये लोणार गुलाबी झालं होतं ते मात्र याने नाही, ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीव होते, आघारकर संस्थेने तपासलं होतं.) पण माणसाने खायचं स्पिरुलिना सांडपाण्यावर वाढवायचं नाही, इतकं साधं आहे. शेवाळ पाण्यातले जड धातू ओढून घेतं, तोच तर त्याचा गुण, आणि रोगजंतू चिकटलेले असतात ते वेगळंच. खाण्याचं स्पिरुलिना स्वच्छ पाणी, सोडा आणि खत घालून वेगळ्या टाक्यांत करतात. दोन्हीचे भाव एका एक्सेल शीटमध्ये दाखवून प्रोजेक्ट रिपोर्ट बनवणारे आहेत, त्यांच्यापासून सावध.

आणि शेवाळाचं डिझेल?

हे थोडक्यात आटपतो. अमेरिकेने १९७८ ते १९९६ सरकारी कार्यक्रम चालवला आणि बंद केला. एक्सॉन या तेल कंपनीने २००९ ला मोठा गाजावाजा करून यात पैसे घालायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये हात काढून घेतला. तेल निघतं, पण पेट्रोलपंपावरच्या भावात नाही. शिवाय तेल भरपूर धरायला शेवाळाला नायट्रोजनची उपासमार करावी लागते आणि सांडपाण्यात तर नायट्रोजन ओसंडून वाहत असतो, म्हणजे दोन्ही उद्देश एकमेकांच्या विरुद्ध जातात.

रात्री, पावसात, बंद हंगामात काय?

रात्री शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट स्वतः घेतं, त्यामुळे पहाटे तळ्यातला ऑक्सिजन अगदी कमी होतो. म्हणून अशा तळ्यातून पाणी दुपारी सोडायचं, पहाटे नाही, आणि गरजेपुरता एक छोटा ब्लोअर ठेवायचा, अभिमान बाळगायचा नाही. पावसाळ्यात ढगांमुळे वाढ निम्म्यावर येऊ शकते आणि कोकणात तर उघडं तळं पावसानेच भरून वाहील. आंब्याच्या पल्पचा सीझन थोड्या आठवड्यांचा, कल्चर कुठे नीट बसतंय तोवर पावसाळा उजाडतो, त्यामुळे तिथे हे प्रकरण मला अवघड वाटतं. साखरेचा गाळप हंगाम मात्र दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे नेमके कोरडे आणि उन्हाचे महिने, हे शेवाळाच्या पथ्यावर पडतं. फक्त हंगाम संपल्यावर शेवाळ उपाशी मरतं, त्यामुळे एका छोट्या टाकीत बियाणं म्हणून थोडं जपून ठेवावं लागतं. डेअरी बाराही महिने चालते, हा तिचा अजून एक प्लस पॉइंट.

अजून एक त्रास म्हणजे शेवाळ खाणारे बारीक किडे, रोटिफर आणि पाणपिसवा. त्यांची संख्या वाढली की आज हिरवंगार असलेलं तळं दोन-चार दिवसांत तपकिरी पडतं आणि त्या आठवड्यात पाणी साफ होत नाही. म्हणून एका मोठ्या तळ्याऐवजी दोन किंवा तीन लहान तळी, आणि कुणाला तरी साधा मायक्रोस्कोप बघायला शिकवलेलं असावं. हे काम इंजिनियरच पाहिजे असं नाही, बारावी सायन्स झालेला मुलगा नीट करू शकतो, पण रोज करायला पाहिजे.

मग कुणी करावं हे?

ज्यांच्याकडे बारमाही, पातळ, रंग नसलेलं सांडपाणी आहे, बाजूला एक-दोन एकर पडीक जमीन आहे आणि आधीची बायोगॅस किंवा ईटीपीची पहिली पायरी नीट चालू आहे, त्यांनी. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणच्या डेअऱ्या, मोठे गोठे, कंडेन्सेटचा प्रश्न असलेल्या डिस्टिलऱ्या. पहिली पायरीच नीट चालत नसेल तर शेवाळ लावून काही होणार नाही, तो पैसा आधी तिथे घाला.

प्रोजेक्ट घेऊन कुणी आलं तर त्यांना विचारायचं: ट्रायल आमच्याच पाण्यावर घेतली का की पातळ करून, शेवाळ काढायची पद्धत कोणती आणि तिला किती युनिट लागतात, तळ्यातलं शेवाळ एकदम मेलं तर त्या आठवड्यात पाणी कुठे जाणार, आणि शेवाळ विकून येणारं उत्पन्न शून्य धरलं तरी वाचलेल्या वीज-केमिकलवर पैसे किती वर्षांत वसूल होतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मागायचं, आकड्यांसकट.